कुरडईचा चीक आणि पोळीवरचा आळ

बार्शीहून एका ताईंचं पत्र आलं आणि त्यातल्या एका प्रश्नाने मला चार दिवस स्वयंपाकघरात डांबून ठेवलं.

ताईंच्या मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून पाच महिन्यांपासून त्याचा गहू बंद आहे, ज्वारीची भाकरी चालू आहे. पोट फुगायचं थांबलं, गुबारा गेला. आता घरात वाळवणं घातली आहेत. ताई विचारतात : कुरडई गव्हाचीच, पण ती चिकाची. चीक काढताना गव्हातलं ते ग्लूटेन राहतं की जातं? मुलाला कुरडई देऊ का? आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता विचारावं तसं : गव्हानेच त्रास होता असं दिसतंय, तर गोळ्या बंद कराव्यात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. गोळ्या बंद करू नका. का, ते कुरडईच्याच वाटेने सांगतो, कारण ही वाट मला फार आवडली आहे.

पत्र वाचलं आणि आईला फोन केला. तिने सांगितलं तसे किलोभर गहू भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदललं. दुसऱ्या दिवसापासून आंबूस वास सुटला, तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत धरला की आतून पांढरं दूध बाहेर येऊ लागलं. चौथ्या दिवशी वाटले, पाण्यात कालवून फडक्यातून पिळून घेतले. फडक्यात उरला तो चोथा, पातेल्यात आला तो चीक. रात्रभर पातेलं हलवलं नाही. सकाळी वर पिवळसर पाणी आणि तळाशी चुन्यासारखा घट्ट, गुळगुळीत थर. पाणी ओतून दिलं, चीक घाटून घेतला.

आता हेच जरा निराळ्या नजरेने बघा. गव्हाचा दाणा आपण तीन ठिकाणी वाटून टाकला. कोंडा आणि बरंचसं ग्लूटेन चोथ्यात. पिठूळ भाग, म्हणजे स्टार्च, चिकात. आणि पाण्यात विरघळणारं जे काही होतं ते रोज बदललेल्या पाण्याबरोबर आणि शेवटच्या निवळीबरोबर मोरीत. तिसऱ्या वाट्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आजचा लेख त्याच्यासाठी आहे.

आधी ग्लूटेन हाताला कसं लागतं ते. मैद्याचा घट्ट गोळा मळून अर्धा तास ठेवायचा आणि मग पाण्याच्या वाडग्यात बोटांनी चोळत राहायचं. पाणी दुधाळ होतं, ते टाकायचं, नवं घ्यायचं. पाच-सहा पाण्यांनंतर हातात एक राखाडी, लवचीक गोळा राहतो. ओढला की ताणतो, सोडला की आक्रसतो. गावाकडे वाढलेल्यांना हा जुना ओळखीचा पदार्थ आहे. पोत्यातले मूठभर गहू तोंडात टाकून चघळत राहिलं की त्याचं च्युइंगम व्हायचं, ते हेच. इटलीत बोलोन्याच्या बेकारी नावाच्या अभ्यासकाने पीठ असंच धुऊन 1728 साली हा चिवट भाग वेगळा करून दाखवला. त्याचं ते टिपण छापून आलं 1745 साली.

आणि हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ डिके आणि त्यांची मंडळी. सीलिअॅक, म्हणजे गव्हाने लहान आतडं बिघडण्याचा आजार, असलेली मुलं युद्धातल्या दुष्काळी हिवाळ्यात पाव नव्हता तेव्हा सुधारली आणि पाव परत आल्यावर बिघडली, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी पुढे जे केलं ते कुरडईवालीच्या कामापेक्षा फार वेगळं नव्हतं. गहू वाईट, एवढं कळलं होतं. पण गव्हातलं काय वाईट? त्यांनी वेअर्स आणि व्हान दे कामर यांच्याबरोबर गहू वेगवेगळ्या भागांत फोडला आणि सीलिअॅकच्या मुलांना एकेक भाग देऊन पाहिला. व्हान दे कामरने शौचातली चरबी मोजायची रीत बसवली होती, त्यामुळे ‘बरं वाटतंय का’ असं विचारायची गरजच नव्हती. स्टार्च दिला तर चरबी वाढेना. ग्लूटेन दिलं की वाढायची. 1953 साली हे छापून आलं आणि सीलिअॅकपुरता प्रश्न मिटला. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती गहू फोडून पाहण्याची. अख्ख्या गव्हावर आळ ठेवून ते थांबले नाहीत.

आपण मात्र थांबतो. पोळी बंद केली, बरं वाटलं, म्हणजे ग्लूटेन बाधत होतं, असं म्हणून मोकळे होतो. सीलिअॅक असेल तर ते खरंच. पण सीलिअॅक नसलेल्या, कोलायटिस किंवा क्रोन्स हे आतड्याच्या सुजेचे आजार असलेल्या माणसाने पोळी सोडली, तर त्याने ग्लूटेनबरोबर आणखीही काही सोडलेलं असतं. ते म्हणजे फ्रुक्टान.

फ्रुक्टान ही फ्रुक्टोज साखरेच्या कणांची साखळी. ती तोडायचं पाचक माणसाच्या लहान आतड्यात नाहीच, कुणाच्याच नाही. मग ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात आणि वायू धरतो. निरोगी माणसाला थोडा गुबारा, एवढंच. आजाराने हळवं झालेलं आतडं मात्र त्याच ताणाने कळवळतं. गव्हात फ्रुक्टान फार नसतं, पण आपण गहू दोन्ही वेळा खातो. आणि ते पाण्यात विरघळतं. तीन दिवस भिजवण्यात आणि आंबण्यात त्यातलं बरंचसं निघून जातं. मोरीत गेलेला तिसरा वाटा तो हाच.

यावरचा एक प्रयोग मला इतका आवडतो की घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. नॉर्वेत ऑस्लोला झाला, 2018 साली छापून आला. सीलिअॅक नसलेली, पण आपल्याला ग्लूटेन सोसत नाही असं मानून ते स्वतःहून सोडलेली 59 माणसं घेतली. त्यांना सात-सात दिवस तीन प्रकारच्या वड्या खायला दिल्या. एकीत ग्लूटेन, साधारण दोन पोळ्यांइतकं. एकीत फ्रुक्टान. एकीत दोन्हीपैकी काही नाही. चव सारखी, कोणती कुठली ते खाणाऱ्याला ठाऊक नाही. सर्वांत जास्त त्रास कोणत्या आठवड्यात झाला? 24 जणांना फ्रुक्टानच्या, 13 जणांना ग्लूटेनच्या आणि 22 जणांना काहीच नसलेल्या वडीच्या आठवड्यात. त्या 22 जणांना खोटारडं समजू नका. ‘आता दुखेल’ या धास्तीने खरोखर दुखतं. पोटाच्या दुखण्यात हे कायम चालू असतं, आणि ज्याला रक्त पडलेलं आठवतं त्याच्यात जास्तच.

ही माणसं कोलायटिस-क्रोन्सची नव्हती, असं कुणी म्हणेल. बरोबर. म्हणून लंडनच्या किंग्ज कॉलेजचा 2020 सालचा प्रयोग बघा. त्यातले 52 जण क्रोन्सचे किंवा कोलायटिसचेच. सूज शांत झालेली, पण पोटाची कुरकुर चालूच. निम्म्यांना चार आठवडे असा आहार दिला की ज्यात फ्रुक्टान आणि त्याच्या जातीच्या आंबणाऱ्या साखरा कमी. उरलेल्यांना तितकाच नेमून दिलेला, पण साधा आहार. पहिल्या गटातल्या 27 पैकी 14 जणांना पुरेसा आराम पडला, दुसऱ्यातल्या 25 पैकी चौघांना. आणि सूज मोजली, तर तिच्यात दोन्ही गटांत फरक नाही.

ताई, हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. आराम पडला. सूज होती तिथेच होती. पोट फुगणं ही एक गोष्ट आणि आतड्याच्या अस्तराला आलेली सूज ही दुसरी. आहाराने पहिली शांत होते तेव्हा दुसरीही गेली असं वाटतं, आणि हे वाटणं फार गोड असतं. मी स्वतः त्यात सापडलो आहे. आजार जडून तीन वर्षं झाली होती. पोळी सोडली, पंधरा दिवसांत पोट हलकं झालं, मेसालामिनची गोळी मी आपल्या मनाने निम्मी केली आणि मग बंदच केली. तीन महिने छान गेले. मग एका पहाटे भांडं लाल झालं, आणि ती सूज खाली बसायला स्टेरॉइड आणि अख्खा पावसाळा लागला. भाकरी त्या सगळ्या काळात चालूच होती.

अमेरिकेत 2014 साली क्रोन्स-कोलायटिसच्या 1647 रुग्णांची पाहणी छापून आली. पाचांतल्या जवळपास एकाने ग्लूटेन सोडून पाहिलं होतं, आणि ज्यांनी सोडलं त्यांतल्या तीनांतल्या दोघांना बरं वाटलं होतं. ताईंच्या मुलाचा अनुभव खोटा नाही, जगभरच्या रुग्णांचा तोच आहे. पण ती माणसांनी स्वतः सांगितलेली हकिकत होती. त्यात कुणी सूज मोजली नव्हती. ग्लूटेन सोडल्याने कोलायटिस बरा होतो, हे आजवर कुणी दाखवून दिलेलं नाही.

तेव्हा मुलाचं शौच फीकल कॅलप्रोटेक्टिनसाठी तपासायला द्या, डॉक्टरांना सांगून. सूज आहे की नाही ते तो आकडा सांगेल, पोट हलकं वाटण्यावर जाऊ नका.

आणखी एक काम गहू बंद करायच्या आधी व्हायला हवं होतं. सीलिअॅकची रक्ततपासणी, टीटीजी. भारतात उत्तरेकडे शंभरात एकाला सीलिअॅक सापडतो, दक्षिणेत हजारात एकाला. आपण मधे आहोत आणि आपल्याकडे तो असतोच. पण ही तपासणी गहू खाणाऱ्याचीच खरी. पाच महिने गहू बंद असलेल्याची निर्मळ आली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मग एक तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा गहू खाऊन ती करायची, नाही तर एचएलए डीक्यू 2 आणि डीक्यू 8 ही जनुकांची तपासणी करायची. तिला काय खाता याच्याशी देणंघेणं नाही. ही दोन्ही जनुकं नसतील तर सीलिअॅक जवळजवळ नक्कीच नाही.

हे कळायला हवं, कारण दोन आजारांतली शिस्त अगदी निराळी आहे. सीलिअॅकवाल्याला ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणजे किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत. आपल्या कायद्यातही तीच मर्यादा आहे. त्याची ज्वारी गव्हावर दळलेली चालत नाही. त्याला डब्यातला बांधानी हिंगही बघून घ्यावा लागतो, कारण त्यात बहुधा मैदा असतो. खपली गहू तर चालतच नाही, कुणी कितीही गोडवे गाऊ देत. खपलीत ग्लूटेन आहे. सीलिअॅक नसलेल्या कोलायटिसवाल्याला यातल्या कशाचाच बाऊ करायचं कारण नाही. गिरणीत गव्हावर दळलेल्या ज्वारीने त्याचं काही बिघडत नाही. उलट तो भाकरीबरोबर लसणाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा खात असेल, तर त्याने पोळीतलं फ्रुक्टान सोडलं आणि दुसऱ्या हाताने कितीतरी जास्त घेतलं. कांदा-लसूण फ्रुक्टानने भरलेले असतात. ते खाऊनही त्याला बरं वाटत असेल, तर मला ते जरूर कळवा. त्याचा अर्थ वेगळा लागेल.

आता कुरडई. सीलिअॅक निघाला तर नाही, कधीच नाही. युरोपात सीलिअॅकवाल्यांसाठी गव्हाचा धुतलेला स्टार्च मिळतो, पण तो कारखान्यात मोजून 20 मिलिग्रॅमच्या आत आणलेला असतो. आपलं फडकं तेवढं काम करत नाही. माझ्या चिकात बोट फिरवलं तर चिवट तंतू लागत होते. सीलिअॅक नसेल आणि पोट शांत असेल तर खुशाल द्या. माझ्या मते पोळीपेक्षा कुरडईच त्याला सोपी जाईल. रक्त पडत असेल, शौचाला वारंवार जावं लागत असेल, त्या दिवसांत तळणीचं काहीच नको. तेव्हा वाटीभर शिजवलेला चीकच मीठ घालून द्या, तूप अगदी थोडं.

एक मात्र सांभाळा. पिळून उरलेल्या चोथ्याच्या तुमच्याकडे भुसवड्या घालत असतील. त्यात कोंडा, ग्लूटेन आणि वर वाटून घातलेला लसूण. मुलाला द्यायचा चीक तेवढा बाजूला काढा, आणि भुसवड्यांचा डबा सध्या त्याच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा.