नकाशावरील सही कोणाची?

अहिल्यानगरहून आष्टीकडे जाताना बीड जिल्ह्याच्या हद्दीत शिरल्यावर कडा हे बाजारपेठेचे गाव लागते. बाजार समिती, शाळा आणि महाविद्यालय यांमुळे भोवतालच्या खेड्यांची येथे नित्य ये-जा असते. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर ते आष्टी हा लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला आणि कडा रेल्वेच्या नकाशावर आले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी तीच गाडी बीडपर्यंत पोहोचली. रेल्वे, रस्ता आणि बाजार एकत्र आले की जागेचे व्यवहार वाढतात आणि जागेमागोमाग बांधकामे येतात. जुने माळवद उतरवून तेथे स्लॅबचे घर उभे करणे, रस्त्याकडेला खाली गाळे व वर बिऱ्हाड अशी इमारत बांधणे, हे चित्र कड्यासारख्या कोणत्याही वाढत्या गावात आज दिसते.

अशा प्रत्येक बांधकामाच्या अर्जाबरोबर एक नकाशा ग्रामपंचायतीकडे येतो. त्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक सही आणि एक शिक्का असतो. शिक्क्यावर कोठे ‘आर्किटेक्ट’, कोठे ‘इंजिनिअर’, कोठे ‘कन्सल्टंट’, तर कोठे ‘प्लॅनर व डिझायनर’ असे लिहिलेले असते. घरपट्टी, मालकीचा उतारा, शेजाऱ्याची हरकत या गोष्टी बारकाईने पाहिल्या जातात. शिक्का मात्र सहसा वाचला जात नाही. तो असला म्हणजे पुरे, असे मानले जाते. ही सही करण्याचा अधिकार कोणाला, तो कोणी दिला आणि सही करणारा नेमकी कशाची हमी देतो, हे प्रश्न गेल्या काही वर्षांत पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहेत. त्याचे कारण पुढे येईलच.

नाव कोणाचे, काम कोणाचे

‘आर्किटेक्ट’, म्हणजेच वास्तुविशारद, ही आपल्या देशात केवळ व्यवसायाची ओळख नसून कायद्याने राखलेले अभिधान आहे. संसदेने १९७२ मध्ये वास्तुविशारद अधिनियम संमत केला आणि त्यान्वये वास्तुविशारद परिषद स्थापन झाली. परिषद देशभरातील वास्तुविशारदांची एक नोंदवही ठेवते. या नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने वास्तुविशारद होय. आज नोंदणीसाठी वास्तुशास्त्राची पाच वर्षांची मान्यताप्राप्त पदवी लागते. अधिनियम आला त्या काळी मात्र पदवी नसतानाही किमान पाच वर्षे हा व्यवसाय प्रत्यक्ष करीत असलेल्या भारतीय नागरिकांना नोंदणीची वाट खुली ठेवण्यात आली होती. नव्या कायद्याने जुन्या जाणकारांची उपजीविका बुडू नये, हा त्यामागील विचार योग्यच होता.

नोंदणी झालेल्या प्रत्येकास क्रमांक मिळतो. तो ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो, त्यापुढे नोंदणीचे वर्ष आणि त्यानंतर अनुक्रमांक असतो. नोंदणीचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. शुल्क न भरल्यास नाव नोंदवहीतून कमी होऊ शकते. यास्तव दहा वर्षांपूर्वीच्या शिक्क्यावरील क्रमांक आजही चालू असेलच असे धरून चालता येत नाही.

अधिनियमाच्या कलम ३७ नुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीस ‘आर्किटेक्ट’ हे अभिधान लावण्यास मनाई आहे. पहिल्या अपराधास पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि पुन्हा अपराध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा १९७२ मध्ये ठरविण्यात आली. पाचशे रुपये त्या वेळी मोठी रक्कम होती; आज गवंड्याची एका दिवसाची मजुरीही त्याहून कमी नसते. शिवाय या अपराधाची दखल न्यायालय परिषदेच्या आदेशाने किंवा परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीने केलेल्या तक्रारीवरूनच घेऊ शकते. म्हणजे गावात कोणी खोटी पाटी लावली, तर ग्रामपंचायतीस परस्पर न्यायालयात जाता येत नाही. परिषदेस लेखी कळवावे लागते. हे कळविण्याचे काम फारसे कोणी करीत नाही, ही खरी अडचण आहे.

येथे थोडे विषयांतर आवश्यक वाटते. मराठीत ‘वास्तु’ या शब्दाने बराच घोटाळा केला आहे. शासनाच्या बांधकाम खात्यात ‘वास्तुशास्त्रज्ञ’ हे आर्किटेक्टचे पदनाम आहे. गावात मात्र ‘वास्तुशास्त्रवाले’ म्हटले की दार कोणत्या दिशेला आणि स्वयंपाकघर कोणत्या कोपऱ्यात हे सांगणारे सल्लागार डोळ्यांपुढे येतात. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी. तथापि अशा सल्लागाराचा परिषदेच्या नोंदवहीशी काही संबंध नसतो आणि त्याच्या सांगण्यावरून तुळई काढली किंवा खांब हलविला, तर त्या बदलाची जबाबदारी घेणारा कोणी उरत नाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

अभिधान राखीव असले तरी कामही राखीव आहे काय, हा वाद अनेक वर्षे चालला. उत्तर प्रदेशातील नोएडा प्राधिकरणातील एका पदाच्या निमित्ताने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च २०२० रोजी न्यायालयाने त्याचा उलगडा केला. कलम ३७ हे केवळ अभिधानाच्या वापरास बंदी घालते. इमारतीचा आराखडा करणे, बांधकामावर देखरेख करणे ही कामे नोंदणी नसलेल्या व्यक्तीस त्या कलमाने मना केलेली नाहीत, असा त्या निर्णयाचा आशय आहे. यामुळे कड्यातील पदविकाधारक अभियंत्याने घराचा आराखडा काढणे हा या अधिनियमाखाली अपराध नव्हे; त्याने आपल्या पाटीवर ‘आर्किटेक्ट’ असे लिहिणे मात्र अपराध आहे. दोन्ही गोष्टींची गल्लत नेहमी होते. कोणी प्रत्येक अभियंत्यास भोंदू ठरवितो, तर कोणी प्रत्येक पाटी खरी मानतो.

नोंदणी आणि परवाना

मग अभियंत्याने केलेला नकाशा परवानगीसाठी कोणत्या आधाराने स्वीकारायचा? याचे उत्तर दुसऱ्या कायद्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली राज्याने २ डिसेंबर २०२० रोजी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बृहन्मुंबई आणि इतर काही क्षेत्रे वगळता राज्यातील नियोजन प्राधिकरणे व प्रादेशिक योजनांची क्षेत्रे यांना ती लागू झाली. त्यापूर्वी गावागणिक आणि नगरागणिक वेगवेगळे नियम होते. आष्टीत चालणारी गोष्ट अहिल्यानगरात चालत नसे. या नियमावलीच्या एका परिशिष्टात परवानगीसाठी नकाशे तयार करणाऱ्या तांत्रिक व्यक्तींची पात्रता, अधिकार आणि कर्तव्ये दिली आहेत. वास्तुविशारदाखेरीज परवानाधारक अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक असे वर्ग तेथे आहेत. अभियंत्यास स्थापत्यशास्त्राची पात्रता लागते. पर्यवेक्षकाचा अधिकार लहान भूखंडावरील साध्या बांधकामापुरता मर्यादित असतो. मोठ्या किंवा उंच इमारतीच्या मजबुतीचा हिशेब संरचना अभियंत्याकडे जातो.

थोडक्यात, नोंदणी दिल्लीच्या परिषदेकडून मिळते आणि ती देशभर चालते. परवाना प्राधिकरणाकडून मिळतो, तो ठराविक मुदतीचा असतो आणि विशिष्ट आकाराच्या कामापुरता असतो. परिषदेची भूमिका अशी आहे की नोंदणीकृत वास्तुविशारदास प्राधिकरणाच्या वेगळ्या परवान्याची गरज नाही. अभियंत्यास आणि पर्यवेक्षकास मात्र परवाना हवाच. शिक्क्यावर केवळ ‘बी. ई. सिव्हिल’ असे छापलेले असणे म्हणजे परवाना नव्हे.

तपासणीची जागा प्रमाणपत्राने घेतली

आता या सहीला आज विशेष महत्त्व का, त्याकडे वळू. पूर्वी नकाशा कोणीही काढला तरी शासनाच्या तांत्रिक अधिकाऱ्याच्या मेजावरून तो जात असे. विलंब होई, हेलपाटे पडत. पण एक दुसरी नजर असे. नव्या नियमावलीने लहान बांधकामांची जोखमीनुसार वर्गवारी केली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील कमी जोखमीच्या बांधकामासाठी मालकीची कागदपत्रे, नकाशे, तांत्रिक व्यक्तीचे प्रमाणपत्र आणि शुल्क सादर केले की काम सुरू करता येते. दीडशे ते तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामास दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद झाली. याच धर्तीवर २०२१ च्या प्रारंभी गावठाणातील सुमारे १६०० आणि ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामांसाठी नगररचनाकाराकडे जाण्याची अट दूर करून ती प्रक्रिया ग्रामपंचायतीच्या पातळीवर आणण्यात आली. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे गावातील बांधकामाच्या परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतीकडे होताच. आता त्यास गती मिळाली.

सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी होणारे हेलपाटे वाचले. परंतु ही सोय एका गृहीतावर उभी आहे: नकाशा नियमानुसार आहे असे प्रमाणपत्र देणारी व्यक्ती खरोखर पात्र आहे आणि तिने जागा खरोखर पाहिली आहे. पूर्वी एक सही चुकली तर दुसरी सही ती चूक पकडू शकत होती. आता लहान घराच्या बाबतीत बहुधा तीच एक सही असते.

ही सही काही वेळा विकली जाते, हे उघड बोलले पाहिजे. नकाशा एक जण काढतो, शिक्का दुसऱ्याचा असतो आणि त्या दुसऱ्याने गाव पाहिलेलेही नसते. वास्तुविशारदांसाठी १९८९ पासून व्यावसायिक आचरणाचे विनियम आहेत. ठेकेदाराकडून किंवा माल पुरविणाऱ्याकडून दलाली न घेण्याचे बंधन त्यात आहे. गैरवर्तन सिद्ध झाल्यास परिषद ताकीद देऊ शकते, काही काळ व्यवसायास मनाई करू शकते किंवा नोंदवहीतून नावही काढू शकते.

पांढरी आणि काळी

कोणी विचारील, आमच्या आजोबांनी कोणाची सही घेतली होती? त्यांचे घर साठ वर्षे उभे आहे. प्रश्न रास्त आहे. जुने घर खणांवर मोजले जाई आणि गवंडी व सुतार यांच्या हातात पिढ्यांचे मोजमाप होते. पण ते मोजमाप विशिष्ट मातीचे आणि विशिष्ट सामानाचे होते. गावठाण हे पांढरीवर वसलेले असते. नवे भूखंड मात्र रस्त्यालगतच्या शेतांत, म्हणजे काळीत पडत आहेत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पांढरीवर चाललेला पाया काळीत चालत नाही. तेथे घट्ट मुरुमापर्यंत जावे लागते किंवा पायाची रचनाच बदलावी लागते. नव्या बंगल्याच्या भिंतीला दुसऱ्याच वर्षी तिरकी भेग पडते तेव्हा दोष सिमेंटला दिला जातो. बहुधा तो जमिनीकडे न पाहता काढलेल्या नकाशाचा असतो.

आणि जुनी घरे सगळीच निर्धोक होती असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावर दरवर्षी चढविलेल्या मातीचे ओझे यांनी त्यांतील बहुतेकांचा घात केला. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंफणारे आडवे दगड अनेक ठिकाणी नव्हतेच. धक्का बसताच दोन्ही थर विलग झाले. तो भाग तोवर भूकंपाच्या सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. २००२ च्या सुधारित भूकंप नकाशात तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. बीड जिल्हा लातूरचा शेजारी आहे. स्लॅबच्या घरात मातीचे ओझे नसते हे खरे. पण खांबातील सळ्या, त्यांच्याभोवतीच्या रिंगांचे अंतर आणि तुळई-खांबाचा सांधा यांत काटकसर झाली, तर तो स्लॅब माळवदापेक्षा अधिक घातक ठरतो. रिंगांचे अंतर बाहेरून दिसत नाही. काँक्रीट ओतण्यापूर्वी कोणी पाहिले असेल तेवढेच.

ग्रामपंचायतीच्या मेजावर

सरपंच, सदस्य किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांनी स्थापत्यशास्त्र शिकावे अशी अपेक्षा नाही. त्यांनी शिक्का वाचावा. ‘आर्किटेक्ट’ असे असेल तर नोंदणी क्रमांक आहे काय, आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत त्याच नावाने सापडतो काय, हे शाळेतील एखाद्या शिक्षकाच्या मदतीनेही पाहता येते. अभियंता किंवा पर्यवेक्षक असेल तर परवान्याची प्रत मागावी. तो कोणत्या प्राधिकरणाचा आहे, मुदत केव्हा संपते आणि प्रस्तावित बांधकाम त्याच्या मर्यादेत बसते काय, एवढे पाहावे. आपले गाव किंवा तो गट कोणत्या योजनेच्या क्षेत्रात येतो याची खातरजमा जिल्ह्याच्या नगररचना शाखेकडून एकदाच करून फाइलीत लावून ठेवावी, म्हणजे प्रत्येक अर्जाला तोच शोध घ्यावा लागणार नाही.

घरमालकाला विचारण्यासारखा एक साधा प्रश्न आहे: सही करणारे साहेब जागेवर किती वेळा आले? उत्तर ‘एकदाही नाही’ असे असेल, तर पाया खणण्यापूर्वी आणि स्लॅब ओतण्यापूर्वी त्यांना बोलवून घ्या, असे सांगण्यास कोणताही शासन निर्णय लागत नाही. त्यांचे शुल्क घराच्या एकूण खर्चाच्या मानाने थोडे असते. आष्टी-बीडहून येण्याजाण्याचा खर्च धरूनही थोडेच.

गाळे किंवा सदनिका बांधून विकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. भूखंड पाचशे चौरस मीटरहून मोठा असेल किंवा आठाहून अधिक गाळे वा सदनिका असतील, तर स्थावर संपदा अधिनियम, २०१६ खाली प्रकल्पाची नोंदणी आवश्यक ठरते. ग्राहकांचे पैसे स्वतंत्र खात्यातून काढताना वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रे लागतात. रेल्वेस्थानकाच्या आसपास असे प्रकल्प येऊ लागले, तर ग्रामपंचायतीने महारेराचा नोंदणी क्रमांक अर्जाबरोबरच मागून घ्यावा.

संशय आला तर संबंधित नकाशाची प्रत, शिक्क्याचा ठसा आणि पाटीचे छायाचित्र जोडून परिषदेस पत्र पाठवावे. प्रत नगररचना शाखेस द्यावी. अर्जदाराचे काम तेवढ्यासाठी अडवून धरू नये. त्याने दुसऱ्या पात्र व्यक्तीकडून प्रमाणपत्र आणले की त्याचा अर्ज पुढे जाऊ द्यावा, कारण फसवणूक झालेली असते ती बहुधा त्याचीच.