गुटगुटीतपणाचा हिशेब

मूल अंग धरीत नाही म्हणून दवाखान्याची पायरी चढणारे आईबाप आपल्याकडे शेकड्यांनी सापडतील, परंतु तीन वर्षांचे मूल वाजवीपेक्षा अधिक भरले आहे अशी फिर्याद घेऊन आपण होऊन वैद्यापुढे बसणारा पालक विरळाच. यात नवल काही नाही. ज्या समाजाने दुष्काळ, पटकी, देवी आणि प्लेग यांची आवर्तने सोसली आणि ज्याच्या आज्या-पणज्यांनी घरातले पाळणे एकामागून एक रिकामे होताना पाहिले, त्या समाजाच्या दृष्टीला भरलेले गाल आणि मनगटावरच्या वळ्या ही आयुष्याची हमीच वाटत आली. नगरपालिका आणि महिला मंडळे मोठ्या हौसेने ज्या सुदृढ बालक स्पर्धा भरवीत, त्यांतले बक्षीसही बहुधा अशाच वळीदार बाळाच्या पदरात पडे. कृशतेचे हे भय अकारण नव्हते आणि आजही नाही. मात्र त्या भयाने घडवलेली नजर आजच्या मुलाची पारख करण्यास पुरेशी उरली आहे काय, याची एकदा खातरजमा करून घेण्याची वेळ आली आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे अहवाल चाळले तर 2015-16 साली महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभर मुलांत अतिवजनाची मुले जेमतेम दोन (नेमके सांगायचे तर 1.9 टक्के) होती, ती 2019-21 च्या फेरीत 4.1 टक्क्यांवर गेली. देशाचा आकडा त्याच अवधीत 2.1 वरून 3.4 वर आला. शेकडा चार ही काही छाती दडपणारी संख्या नव्हे, हे मान्य. पण चारपाच वर्षांत दुपटीहून अधिक झालेल्या गोष्टीकडे ती अजून लहान आहे म्हणून पाठ फिरवणे शहाणपणाचे नाही. त्याच अहवालात, त्याच महाराष्ट्रातील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि 25.6 टक्के मुले उंचीच्या मानाने कृश असल्याची नोंद आहे. एका दस्तऐवजात शेजारी शेजारी बसलेले हे आकडे दोन निरनिराळ्या समाजांचे, एक उपाशी झोपडीचा आणि दुसरा तुपाळ वाड्याचा, असे समजण्याची चूक सहज होते. वस्तुस्थिती त्याहून गुंतागुंतीची आहे.

अतिवजन ठरवावे कशावरून, हे आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली बालवाढीची जी प्रमाणे जाहीर केली, ती ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील, आईच्या दुधावर वाढलेल्या व सुस्थितीतील मुलांच्या मोजमापांवरून बांधलेली आहेत; भारताच्या वाट्याची मुले दक्षिण दिल्लीतली होती. पोषण आणि निगा चांगली असेल तर पाच वर्षांपर्यंत कोणत्याही देशाचे मूल जवळजवळ सारख्याच चालीने वाढते, असे त्यातून निष्पन्न झाले आणि 'आमच्या मुलांची चणच लहान' ही सबब निकालात निघाली. या प्रमाणांनुसार 95 सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे मध्यम वजन सुमारे 14 किलो धरतात. साधारण साडेसोळा किलोंच्या पुढे ते मूल अतिवजनाचे आणि अठराच्या आसपास पोचले की लठ्ठ गणले जाते. तुलना वयाशी नसून उंचीशी आहे, हे येथे विसरता कामा नये.

कारण आपल्याकडे मोजणीचा जो कारभार रुजला तो वयाशी वजन ताडून पाहण्याचा. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून अंगणवाड्या उभ्या राहिल्या, सेविका महिन्याच्या महिन्याला मुलांना काट्यावर घेऊ लागल्या आणि वजनाचा ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला की आईला 'छान चाललंय गं' असे सांगून घरी पाठवू लागल्या. आता असा एक मुलगा घ्या, की ज्याचे वय तीन वर्षे, वजन 15 किलो आणि उंची 88 सेंटिमीटर आहे. वयाच्या तक्त्यावर त्याचा ठिपका मध्यरेषेच्या किंचित वर, म्हणजे निर्धोक हिरव्यात पडतो. परंतु भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीशी त्याला उभे केले की दोन गोष्टी एकदम उघड होतात: तो खुजा आहे, आणि आपल्या उंचीच्या मानाने अतिवजनाचाही आहे. एकाच देहात अभाव आणि अतिरेक यांची वस्ती झाली आहे आणि नुसता काटा त्यांपैकी एकाचाही सुगावा लागू देत नाही. आता उंचीही नोंदवली जाते ही सुधारणा खरीच. तरी तो तक्ता भुकेच्या शोधासाठी आखला गेला, आणि भूक अजून सरलेली नसल्यामुळे सेविकेची सारी चिंता खालच्या रेषेकडेच लागलेली असावी, याबद्दल तिला बोल लावता येणार नाही.

अभाव आणि अतिरेक यांची ही सोयरीक कोठे जमते, याचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा पुण्याजवळच्या खेड्यांतूनच पुढे आला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून सहा गावांतील स्त्रियांची गर्भारपणाच्याही आधीपासून नोंद ठेवण्यास आरंभ केला आणि त्यांच्या पोटी जन्मलेल्या बाळांना जन्मतःच नुसते तोलले नाही, तर दंड, पोट आणि पाठीवरील कातडीची चिमटही मोजली. ही बाळे सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन 3.5 किलो. स्नायू, पोटाचा घेर, डोके, सगळेच आपल्या बाळांचे लहान. पण पाठीवरच्या कातडीखालचा मेद मात्र त्या धष्टपुष्ट इंग्रज बाळांच्या जवळपास तितकाच. कृश दिसणाऱ्या बाळाने आईच्या पोटातूनच मेदाचा साठा सांभाळून आणला होता. शेतात राबणाऱ्या, भाजीभाकरीवर निभावणाऱ्या या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी आढळले. आणि ज्या मातांमध्ये ब-12 कमी व फोलेट अधिक होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी ठरली. मुलाच्या लठ्ठपणाची चौकशी त्याच्या ताटापासून सुरू करणाऱ्यांना ही हकीगत थोडी अडचणीची वाटेल, कारण येथे चौकशीचा पहिला कागद सुनेच्या ताटाचा निघतो, आणि त्या ताटात सगळ्यांच्या शेवटी काय वाढले गेले हे सांगण्याची फारशी कोणाची तयारी नसते.

दिल्लीत 1969 ते 1972 या काळात जन्मलेल्या मुलांचा मागोवा त्यांच्या तारुण्यापर्यंत घेण्यात आला, त्यातही हीच कथा पुढे सरकते. जन्मानंतर पहिल्या वर्षी बाळ गुबगुबीत होते, चालू-पळू लागले की सडसडीत होत जाते आणि पाचसहा वर्षांच्या सुमारास त्याच्या अंगावर पुन्हा मेद चढू लागतो, हा निसर्गाचा क्रम होय. ही दुसरी चढण ज्याच्या बाबतीत तिसऱ्या-चौथ्या वर्षीच सुरू होते, त्याच्या पुढील आयुष्याविषयी वैद्य साशंक होतात. दिल्लीतील ज्या मुलांना तिशीच्या आसपास मधुमेह जडला वा साखर पचेनाशी झाली, ती दोन वर्षांपर्यंत उलट किरकोळ होती. पुढे त्यांची चढण लवकर लागली आणि वेगाने वाढत गेली, पण बाराव्या वर्षीदेखील त्यांना कोणी लठ्ठ म्हटले नसते. म्हणून पाहायचे ते एका दिवसाचे वजन नव्हे, तर रेषेचा कल. अमेरिकेतील बालवर्गांच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाचव्या वर्षी अतिवजनाची असलेली मुले पुढे चौदाव्या वर्षापर्यंत लठ्ठ होण्याचा संभव इतरांच्या चौपट आढळला. 'मोठा झाला की आपोआप उतरेल' हे आश्वासन त्यामुळे काहीसे पोकळ ठरते.

अर्थात गर्भात सारेच लिहून ठेवलेले असते असे नाही. आईला गर्भारपणी झालेला मधुमेह, तिचे आधीचे वजन, बापाचे वजन, यांचा संबंध मुलाच्या वजनाशी वारंवार दिसून आला आहे. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत वजन फार वेगाने वाढणे हेही तसेच एक लक्षण. स्तनपान करणारे मूल पोट भरले की तोंड फिरवते आणि तेथे विषय संपतो. बाटलीत मात्र चार घोट उरलेले आईला दिसतात आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून बाळाच्या ओठांवर पुन्हा टेकवले जातात. बालान्नाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा आपल्याकडे 1992 पासून आहे. शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीचाही लठ्ठपणाशी संबंध जोडला जातो, पण त्या माता मुळातच अधिक वजनाच्या असू शकतात, तेव्हा त्यांच्या माथी एवढ्यात आणखी अपराधाचे ओझे लादू नये.

ताटाकडे वळताना एका स्वयंपाकघरात डोकावून पाहिले पाहिजे. दुपारचे साडेबारा; अडीच वर्षांचा नातू ओट्यावर बसवलेला; पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला आणि त्यात रंगीत बस गोल गोल फिरते आहे. आजी वरणभाताचा घास करते, तूप निथळेल असा, आणि नातवाचे तोंड उघडले की घास आत जातो. नातू चावतो, गिळतो, नजर मात्र पडद्यावर. चित्र थांबले की तोंड मिटते. चित्र सुरू झाले की उघडते. सून दारातून हळूच म्हणते, 'आई, पुरे झालं असेल त्याला,' आणि उत्तर ठरलेले, 'अगं, चार घास जास्त गेले तर काय बिघडलं? अंग धरू दे की जरा.' काऊचिऊचा घास भरवणारी आजीही मुलाला फसवूनच भरवीत होती, हे खरे. पण तेव्हा मूल उठून पळू शकत असे. अमेरिकेत 2000 साली झालेल्या एका प्रयोगात तीन आणि पाच वर्षांच्या मुलांना कधी कमी, कधी मध्यम, कधी भरपूर अन्न वाढून पाहिले. तीन वर्षांच्यांनी ताटात कितीही असले तरी आपल्या भुकेपुरतेच खाल्ले. पाच वर्षांची मुले मात्र जितके अधिक वाढावे तितके अधिक खात गेली. पोटाची आज्ञा ऐकण्याचे जन्मजात शहाणपण एवढ्या दोन वर्षांत बोथट होते, आणि त्यात भरवणाऱ्या हाताचा वाटा मोठा असतो. उलट, एखादा पदार्थ डोळ्यांसमोर ठेवून मनाई केली तर मूल त्याच्याच मागे लागते, असेही प्रयोगांत दिसून आले. तेव्हा कडक फर्मानानेही काम भागत नाही. बिस्किटांचा डबा घरात आणायचा आणि मुलाने तो मागू नये म्हणायचे, हा न्याय काही निराळाच.

बिस्किटांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही, कारण वाचकांच्या फडताळात ती असतीलच. फक्त इतके नमूद करावे, की पाच रुपयांच्या पुड्याने श्रीमंताच्या मुलाचा रोग गरिबाच्या उंबरठ्यापर्यंत आणला आहे: मजुरीवर जाणारी आई रडणाऱ्या मुलाच्या हाती तो पुडा देते, कारण तेवढ्या पैशांत अंडे येत नाही. आणि सुशिक्षित घरांतून दुधात जी चॉकलेटी भुकटी शक्तिवर्धक म्हणून ढवळली जाते, तिचा मोठा भाग साखरच असतो. अशा पेयांना 'आरोग्यपेय' या सदरात विकू नये अशी सूचना केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना केली.

उरला खेळ आणि झोप. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले, की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी तीन तास हालते-फिरते असावे, त्यांतला एक तास चांगले धापा टाकीत; पडद्यापुढे एका तासाहून अधिक बसू नये; आणि दहा ते तेरा तास झोपावे. ताराबाई मोडकांनी बोर्डीला 1945 मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा नेली, तेव्हा हालचालीचा तास निराळा काढण्याची गरज कोणाला भासली नसेल. आज दोन खोल्यांच्या बालवाडीत तीस मुले मांडी घालून अक्षरे गिरवतात आणि संध्याकाळी सोसायटीच्या आवारात मोटारी उभ्या असतात. झोपेचे तर विचारूच नये: बाप साडेनऊच्या लोकलने येणार, मग जेवण, मग बापाशी खेळणे, आणि मूल साडेअकराला झोपून सातला उठवले जाणार. बॉस्टनजवळच्या एका पाहणीत सहा महिने ते दोन वर्षे या वयात दिवसाला बारा तासांहून कमी झोपलेल्या बाळांत तिसऱ्या वर्षी अतिवजनाचा संभव जवळजवळ दुप्पट आढळला होता.

मग अशा मुलाचे करायचे काय? त्याला उपाशी ठेवायचे नाही आणि त्याचे वजन उतरवण्याचा हट्टही बहुधा धरायचा नाही. या वयात वैद्य साधारणपणे वजन आहे तेथेच धरून ठेवण्याचा सल्ला देतात, कारण उंची आपले काम करीतच असते. मघाचा तो 88 सेंटिमीटरचा, 15 किलोंचा मुलगा वर्षभरात सात सेंटिमीटर वाढला आणि वजन पंधराच्या आसपास राहिले, तर पुढच्या वर्षी तो उंचीच्या मानाने अगदी योग्य वजनाचा ठरेल. मात्र त्यासाठी त्याला उंची देणारे अन्न, म्हणजे डाळ, अंडे, दूध, हिरवी भाजी, हे पूर्वीइतके किंबहुना अधिक मिळाले पाहिजे आणि कमी झाले पाहिजे ते पुड्यातले, बाटलीतले आणि मोबाईलच्या साक्षीने कोंबलेले. नाहीतर लठ्ठपणाच्या धास्तीने त्याचे वरण आणि दूधच तोडणारी घरेही निघतील, आणि मुलगा खुजाच राहील.