आजीच्या फारकतीचा कागद कुठे शोधायचा?

वंशावळ लिहायला बसलेल्या तरुणांची गाडी बऱ्याचदा एकाच ठिकाणी अडते. आजोबा-पणजोबांची नावे मिळतात. पण आजीचे आधी एक लग्न झाले होते, ती 'फारकत घेऊन' आली होती, एवढे सांगून घरचे गप्प होतात. मग कोणी तरी कोर्टात घटस्फोटाचा निकाल शोधायला जाते, तो मिळत नाही, आणि शोध तिथेच थांबतो. आपल्या बहुतेक आज्यांची फारकत कोर्टात झालेलीच नव्हती. म्हणून शोधाची दिशा बदलावी लागते.

जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे, पण घटस्फोटाचे असे वेगळे सरकारी रजिस्टर आपल्या देशात नाही. हिंदू घटस्फोटाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली आला आणि हिंदू विवाह कायदा १९५५ साली. त्याआधी उच्चवर्णीय स्त्रीला लग्न मोडण्याची वाटच नव्हती. महार आणि इतर अनेक कष्टकरी जातींत मात्र काडीमोड, फारकत आणि पुढे पाट ही रूढी चालत आलेली होती. रूढीने घटस्फोट मानणारा समाज या देशात बहुसंख्य आहे, हा मुद्दा बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या चर्चेत मांडला होता.

१९५५ च्या कायद्याने कलम २९(२) मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोट कायम ठेवला. कलम २ नुसार हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यामुळे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरही कितीतरी फारकती पंचांसमोरच झाल्या. अनुसूचित जमातींना हा कायदा सर्वसाधारणपणे लागू नाही. भिल्ल, पावरा शेजाऱ्यांच्या घरचा इतिहास शोधतानाही पंचांपासूनच सुरुवात करावी.

मग शोधायचे कुठे?

पहिली जागा घर. फारकत स्टॅम्पवर लिहिली गेली असेल, तर तो कागद आजीच्या माहेरी असण्याची शक्यता जास्त. पुन्हा लग्न करताना तोच तिचा आधार होता. म्हणून मामांच्या घरची जुनी पेटी आधी पाहा. कागदावर दोन्ही गावांची, नवऱ्याची आणि पंचांची नावे असतील, तर पुढचा रस्ता तिथूनच सापडतो.

दुसरी जागा दुय्यम निबंधक कार्यालय. फारकतीबरोबर जमीन किंवा मोठी रक्कम दिली गेली असेल, तर दस्त नोंदवलेला असू शकतो. वर्ष अंदाजाने ठरवून तिथल्या सूचीत नाव शोधावे.

तिसरी जागा न्यायालय. इथे घटस्फोटापेक्षा पोटगीचे प्रकरण सापडण्याची शक्यता अधिक. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ खाली आणि १ एप्रिल १९७४ पासून कलम १२५ खाली स्त्रिया दंडाधिकाऱ्यांकडे पोटगी मागत. जुन्या फायली मुदतीनंतर नष्ट होतात, म्हणून आधी प्रकरणांच्या रजिस्टरची चौकशी करा. आपण पक्षकार नसल्यामुळे नकलेच्या अर्जाला नाते आणि कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडा.

चौथी जागा तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष आणि शाळा. गाव नमुना १४, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो, त्यात मुलांच्या जन्माच्या नोंदी मिळतात. वारसाचे फेरफारही पाहा. शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये पालक म्हणून वडिलांऐवजी मामाचे नाव असेल, तर ते मूल आईबरोबर माहेरी वाढल्याची ती खूण असू शकते.

आपल्या भागात हद्दीही लक्षात ठेवाव्या लागतात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, त्याआधी तो धुळे जिल्ह्यात होता. धुळे म्हणजे पूर्वीचा पश्चिम खानदेश. जुन्या प्रकरणांची चौकशी धुळ्यालाही करावी. १ मे १९६० रोजी नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा भागातली काही गावे गुजरातमध्ये गेली. निझर-उच्छलकडचे नाते निघाले, तर तिकडचे दप्तर पाहावे लागेल. सोनगड, व्यारा तर बडोदे संस्थानात होते आणि तिथे सयाजीरावांच्या राज्यात १९३१ सालीच घटस्फोटाचा कायदा झाला होता.

हा शोध केवळ हौसेचा नाही. अनुसूचित जातीच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आईबरोबर माहेरी वाढलेल्या मुलांच्या घरात वडिलांकडचा एकही कागद नसतो. फारकतीच्या कागदाने जात सिद्ध होत नाही, पण वडिलांचे पूर्ण नाव आणि गाव कळले की कोतवाल बुक कुठले उघडायचे ते समजते.

दोन पथ्ये पाळा. संबंधित व्यक्ती हयात असेल तर तिला विचारल्याशिवाय काही छापू नका, व्हॉट्सअॅपवर टाकू नका. आणि पूर्वी पंचांसमोर झाले म्हणून आज नोटरीच्या कागदावर फारकत उरकू नका. वाद झाला तर रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते आणि त्यात नुकसान बहुतेकदा बाईचेच होते.

राहिला लाजेचा प्रश्न. थेरीगाथेतल्या इसिदासीने आपले तीन संसार कसे मोडले ते स्वतःच सांगितले आहे आणि संघाने ते जपून ठेवले आहे. आपण आजीचे पहिले गाव का लपवावे? येत्या वर्षावासात विहारात वाचन संपल्यावर वयस्क बायकांजवळ बसा आणि वहीत चार गोष्टी लिहून घ्या: माहेर, पहिले सासर, दुसरे सासर, आणि प्रत्येक घरी झालेली मुले. सांगणाऱ्या बायका कमी होत चालल्या आहेत, तेव्हा कार्यालयांच्या आधी हे काम करा.