पेटी जुनी, थाप नवी

भाऊबीज ओसरली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांस हे नाव कदाचित नवे वाटेल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्याला आम्ही झाडीपट्टी म्हणतो, आणि वैनगंगेजवळचे वडसा, कागदोपत्री देसाईगंज, हे तिथल्या नाट्यव्यवसायाचे ठाणे. मंडळ्यांच्या कचेऱ्या तेथेच. गावोगावचे लोक येऊन नाटक ठरवतात, विसार देतात, आणि होळीपर्यंत आज या गावी तर उद्या त्या गावी असा रात्रभराचा खेळ चालतो. २०२३ साली याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे शहरातल्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टीचे नाव पहिल्या पानावर छापले.

या नाटकांत गाणे अजून जिवंत आहे. पडद्यापुढे वादक बसतात आणि नटाने सूर लावला की पेटी त्याला उचलून धरते. कीबोर्ड आले, ऑक्टोपॅड आले, सगळे आले. पण जुन्या ऑर्गनचा, जुन्या पेटीचा मान उतरलेला नाही. मान आहे तेथे मागणी आहे, आणि मागणी आहे तेथे थापाड्यांचे दुकान आहेच! मी मराठीचा अध्यापक. माझी पेटी भजनापुरती. परंतु माझ्या वर्गात वादकांची मुले असतात. सौद्याला जाताना, “सर, तुम्ही चला ना जी, शिकलेला माणूस संगं असला की बरं राहते,” असे म्हणून ती मला ओढून नेतात. अशा चार-पाच सौद्यांना मी साक्षीला बसलो आहे. शहरातही हल्ली दिवाणखान्यात जुनी पेटी मांडण्याची हौस बळावली आहे, म्हणून हे चार शब्द.

पेटी मुळात आपली नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४० नंतरच्या वर्षांत हार्मोनियमचे हक्क नोंदवले. ती पायाने भाता मारायची, टेबलाएवढी. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ पेढीने तिला हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची केली, आणि मग ती देवळात शिरली, नाटकात शिरली, माजघरातही शिरली. तिच्या पोटातल्या पितळी पट्टीला, जिची जीभ वाऱ्याने थरथरून आवाज देते तिला, आमच्याकडचे वादक नुसते ‘सूर’ म्हणतात. हे सूर पूर्वी पॅरिसहून आणि जर्मनीहून येत. पॅरिसच्या कॅस्रिएलचे नाव किंवा जर्मन ‘ज्युबिलेट’ची मोहोर पाहिली की जुन्या वादकाचा हात आजही क्षणभर थांबतो. पुढे परदेशी माल आटत गेला आणि गुजरातेतील पालिताणा या जैनांच्या तीर्थक्षेत्री सूर घडवण्याचा धंदा वाढला. आजच्या बहुतेक पेट्यांत पालिताण्याचेच सूर असतात आणि त्यांत चांगलेही पुष्कळ असतात. परंतु ‘जर्मन सूर’ या दोन शब्दांनी किंमत दुप्पट-तिप्पट होते, आणि लबाडी करायला एवढे कारण पुरते.

लबाड विक्रेता पेटी क्वचितच विकतो. तो गोष्ट विकतो. ‘बालगंधर्वांच्या कंपनीतला ऑर्गन’ मी आजवर तीन ठिकाणी पाहिला आहे. तिन्ही खरे असते तर कंपनीला नटांऐवजी ऑर्गन वाहून न्यायलाच गाडीचे डबे लागले असते. एका गृहस्थांनी मला सांगितले की, त्यांची पेटी १९५५ साली नागपूर आकाशवाणीवर वाजलेली आहे. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले हे खरे. पण आकाशवाणीने १९४० पासून हार्मोनियमला आपल्या स्टुडिओची दारे बंद केली होती, ती १९७१ साली कुठे थोडीशी उघडली. बिचारी पेटी १९५५ साली आत गेली कशी? दुसऱ्या एका पेटीवर पितळी पत्रा होता : अमुक भजन मंडळ, जिल्हा चंद्रपूर, सन १९२२. आमच्या गावाला १९२२ साली सरकारदरबारी चांदा म्हणत. चंद्रपूर हे नाव कागदावर आले ते १९६४ च्या सुमारास. पत्रा कोरणाऱ्याला इतिहास शिकवणारा कोणी भेटला नसावा.

ही रीत केवळ आपल्याकडची आहे असे मात्र समजू नये. विलायतेत गेल्या शतकाआधीपासून व्हायोलिनच्या पोटात ‘स्ट्राडिव्हेरियस’ची चिठ्ठी चिकटवून हजारो साधी व्हायोलिने विकली गेली, आपल्याकडील कित्येक घरांतल्या आजोबांच्या व्हायोलिनातही तीच चिठ्ठी निघते आणि घरचे लोक लक्षाधीश झाल्याची स्वप्ने पाहतात. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळातल्या गिब्सन कंपनीच्या ‘लेस पॉल’ गिटारींना आज बंगल्याची किंमत येते, आणि म्हणून तिथले ग्राहक आतल्या तारा, डाग आणि विजेच्या बटणांवरचे आकडे भिंग लावून पाहतात. गिटारीवर निदान क्रमांक असतो. आपल्या पेटीला बहुधा तेवढाही जन्मदाखला नसतो. दाखला शोधायचा तो पोटात.

दोन वर्षांपूर्वीची हकीकत सांगतो. आरमोरीकडचा माझा एक विद्यार्थी, वडील नाटकात ऑर्गन वाजवणारे. हंगामात प्रयोगागणिक जे मिळते त्यावर वर्षाचा प्रपंच. त्यांचा ऑर्गन उंदरांनी भाता कुरतडून निकामी केला होता आणि हंगाम पंधरा दिवसांवर आलेला. फोनवर कोणा विक्रेत्याने एका पेटीची छायाचित्रे पाठवली : ‘१९०५ची, अस्सल जर्मन, हात न लावलेली, हस्तिदंती पट्ट्या.’ किंमत अशी की, वडिलांना बैलजोडी विकावी लागली असती. आम्ही चंद्रपुरात त्या गृहस्थांच्या घरी गेलो. मुलाने शहाणपणा करून वडशाच्या एका वृद्ध वादकांना बरोबर आणले होते. सगळे त्यांना काका म्हणतात.

विक्रेत्याने चहा दिला आणि गोष्ट सुरू केली. कोण्या संस्थानिकाची बहीण, मग एक मिशनरी, मग नाटक कंपनी. काकांनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, चहाही संपवला, आणि खिशातून पेचकस काढला.

“उघडायची नाही,” विक्रेता म्हणाला. “जुनी वस्तू आहे, बिघडेल.”

“जी उघडल्यानं बिघडते ती वाजवल्यानं टिकंल का जी?” काका म्हणाले.

शेवटी झाकण उघडले. आतल्या फळीचे निम्मे स्क्रू अधिक-चिन्हाच्या खाचेचे. असे स्क्रू जगात रुळले ते १९३० नंतरच्या दशकात. १९०५ साली सुताराकडे ते यायचे कुठून? सांध्यांत पांढरा गोंद वाळलेला. जुना कारागीर सरस वापरी, तो तांबूस-तपकिरी आणि काचेसारखा ठिसूळ असतो. पांढरा गोंद म्हटला की आपल्याला फेव्हिकॉल आठवतो, आणि तो बाजारात आला १९५९ साली. मग काकांनी सुरांची फळी खिडकीच्या उजेडाकडे तिरपी धरली. मधल्या सप्तकातल्या बारा-तेरा सुरांवर परदेशी मोहोर. कडेच्या सुरांवर काहीच नाही, आणि त्यांचे पितळ नव्या भांड्यासारखे पिवळेधमक. एका मोहोरेत तर ‘वेस्ट जर्मनी’ अशी अक्षरे होती! पश्चिम जर्मनी हे राज्य १९४९ ते १९९० एवढेच होते.

काकांनी झाकण लावले, थोडी वाजवली, डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, “पेटी वाईट नाही. गोष्ट वाईट आहे. गोष्टीचे पैसे वजा करून सांगा.”

विक्रेता चिडला. मी मध्ये पडून म्हटले, ठीक आहे, आपण सांगता त्याच किंमतीला घेऊ. फक्त पावतीवर ‘१९०५, संपूर्ण जर्मन सूर’ एवढे लिहून सही करा. त्यावर, “जुन्या वस्तूंची पावती कुठे असते, सर?” हे उत्तर आले आणि आम्ही उठलो. मुलाने तो हंगाम उसन्या पेटीवर काढला. पुढल्या वर्षी वडिलांनी नवी, पालिताण्याच्या सुरांची पेटी घेतली. बैल गोठ्यातच आहेत.

काकांकडून मी त्या दिवशी परतीच्या वाटेवर जे शिकलो ते येथे नोंदवतो. प्रथम भाता पूर्ण भरावा, एकही पट्टी न दाबता कान द्यावा. भाता भराभर बसला तर कातडे किंवा सांधे गेले. कोठे भुणभुण ऐकू आली तर पट्टीखालची झडप नीट मिटत नाही. मग एकेक पट्टी, अगदी हलक्या वाऱ्यावर. चांगला सूर फुंकरीएवढ्या वाऱ्यावर बोलतो आणि वारा वाढवला तरी ढळत नाही. सर्व पट्ट्या वाजवाव्या, काळ्यासुद्धा. लबाड माणूस आपली आवडती चीज वाजवून दाखवतो आणि खराब पट्ट्या तेवढ्या चुकवतो. ३९ पट्ट्यांच्या दुहेरी पेटीत ७८ सूर असतात. वेळ लागतो, लागू द्यावा.

सुरांच्या जिभा भिंगातून पाहाव्या. जिभेचे टोक खरवडले की सूर चढतो, बूड खरवडले की उतरतो. पेटी जुळवण्याची ही रीतच आहे, तीत गैर काही नाही. पण प्रत्येक जुळवणीत जीभ झिजते, आणि दहादा खरवडलेली जीभ एके दिवशी भर नाटकात तुटते. ‘हात न लावलेली’ म्हणवणाऱ्या पेटीत ओरखडे दिसले तर हात कोणी लावला, हे विचारावे. आणखी एक खूण कानाची आहे. फ्रान्सने १८५९ साली कायद्याने आपला मूळ स्वर ४३५ कंपनांवर बांधला होता; आज जगभर ४४० चालतो. शंभर वर्षांची अस्पर्श पॅरिसची पेटी आजच्या कीबोर्डशी बिनचूक जुळली, तर ती अस्पर्श नाही.

लाकडाच्या बाबतीत मात्र आमच्या भागात फसवणे कठीण. ‘बर्मा साग’ म्हणून रंग दिलेले हलके लाकूड पुण्यात खपेल; बल्लारपूर-आलापल्लीच्या सागाच्या डेपोत वाढलेला माणूस झाकणाची आतली, रंग न लागलेली बाजू नखाने टोकरून, वास घेऊन बाजूला ठेवतो. आपणही आतली बाजू पाहावी. बाहेरून जुनेपणा चहाच्या पाण्यानेसुद्धा आणता येतो.

आणि हस्तिदंत! या शब्दाला भुलू नये, उलट दचकावे. जुन्या पांढऱ्या पट्ट्या बहुधा सेल्युलॉइडच्या किंवा हाडाच्या असतात. खऱ्या असल्या तर गोष्ट अधिकच वाईट : १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्या यांनी देशात हस्तिदंताचा व्यापार बंद केला आहे. म्हणजे विक्रेता एकतर खोटे बोलतो किंवा गुन्हा करतो. दोन्ही पक्षी आपण उठावे.

पावतीचा आग्रह मी धरला तो उगाच नव्हे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याप्रमाणे वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असावी लागते. वर्णन कागदावर असले तर दुकानदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तोंडचे वर्णन वाऱ्यावर जाते. फोनवरच्या सौद्यात तर पेटी पाहण्यापूर्वी विसार म्हणून एक रुपयाही पाठवू नये. ‘पैसे परत करतो, हा चौकोन टिपा आणि पिन दाबा’ असे कोणी सांगितले, तर पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढे घरातल्या आजीलाही शिकवून ठेवावे. फसवणूक झालीच तर तक्रारीचा दूरध्वनी क्रमांकही योगायोगाने १९३० हाच आहे.

आता उलट बाजू, जी शहरी कुटुंबांना अधिक लागू आहे. आपल्याही माळ्यावर आजोबांची पेटी असेल. साफसफाईत ती खाली येते, आणि कोणी जाणता व्यापारी ‘भाता गेला, कसर लागली, लाकडाच्या भावाने नेतो’ म्हणतो. भाता गेला असेल. पण सूर पितळेचे असतात, त्यांना कसर लागत नाही. आतली फळी पाहिल्याशिवाय पेटी दाराबाहेर जाऊ देऊ नये. दुरुस्तीला देतानाही तेच भय. पेटी परत येते, चकाचक येते, वाजतेही; फक्त आतले जुने सूर दुसऱ्याच पेटीत जाऊन बसलेले असतात आणि घरात कोणाला पत्ता नसतो. प्रामाणिक कारागीर पुष्कळ आहेत, ते मालकासमोर फळी उघडायला कधी का-कू करत नाहीत. देण्यापूर्वी सुरांच्या फळीची स्वच्छ उजेडात छायाचित्रे काढावी आणि ती कारागिराला दाखवूनच पेटी त्याच्या हवाली करावी.

काकांपाशी छायाचित्रे नाहीत. त्यांनी आपल्या पेटीच्या ७८ सुरांवर एकेक करून पातळ कागद धरला, वरून शिसपेन्सिल घासली, मुले नाण्याचे ठसे काढतात तशी, आणि ती पाने वहीत शिवून ठेवली आहेत. पेटी दुरुस्तीला जाते तेव्हा वही घरी राहते. परत आली की काका चष्मा पुसून पहिल्या पानापासून ताळा घ्यायला बसतात.