बारापेडे गुहेतले वाघूळ आणि आपली कपाशी



दिवेलागणीला जुन्या विहिरीतून, पडक्या गढीतून भिरभिरत निघणारी वाघळे आपण रोज पाहतो. कोणी त्यांना अशुभ म्हणतो, कोणी धूर करून हुसकावतो. तसे करण्याआधी त्यांच्यातल्या एका दुर्मिळ जातीची हकिकत वाचा.

१९११ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. तिचा पहिला अहवाल आपल्या खानदेशचा होता. १९१२ साली तो लिहिला मुंबई इलाख्याच्या वनखात्यात नोकरी केलेल्या रॉटनसाहेबांनी. पुढल्याच वर्षी एका नव्या वाघळाला त्यांचे नाव मिळाले. ते सापडले होते बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत.

ओळख आणि मुलूख

या वाघळाचे कान मोठे, पुढे झुकलेले आणि कपाळावर एकमेकांना जुळलेले असतात. अंग गडद तपकिरी, मानेमागे फिकट पट्टा. शेपटीचे टोक पंखाच्या कातडीबाहेर मोकळे असते. पंख लांब व अरुंद, त्यामुळे भरारी वेगवान.

जवळजवळ नव्वद वर्षे जगाला याचा बारापेडे हा एकच पत्ता ठाऊक होता. पुढे २००० साली कंबोडियात आणि त्यानंतर मेघालयात, जैंतिया टेकड्यांच्या गुहांत ते आढळले. बारापेडेपासून मेघालय दोन हजार किलोमीटरांहून दूर! वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या जातीला स्थान आहे. बारापेडेचा परिसर २०११ पासून भीमगड अभयारण्यात आहे.

आपला संबंध काय?

कपाशीचे बोंड पोखरणारी अळी ज्या अंड्यातून निघते, ते अंडे रात्री उडणारी मादी पतंग घालते. किडे खाणारी वाघळे अशाच पतंगांवर जगतात. अमेरिकेत टेक्सासच्या कपाशी पट्ट्यात याच कुळातील वाघळे बोंडअळीचे पतंग मोठ्या प्रमाणावर खातात, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. फवारणीचा खर्च आपणांस ठाऊकच आहे. हा राखणदार मजुरी मागत नाही.

मात्र वाघळांच्या बऱ्याच जातींत मादीला वर्षाला एकच पिलू होते. एकदा वस्ती मोडली की ती भरून यायला वर्षे लागतात. म्हणून एवढे सांभाळा:

१) गढी, गुहा, जुन्या विहिरी येथे धूर किंवा जाळ करू नका.
२) जुनी पोकळ झाडे विनाकारण तोडू नका.
३) वाघळाला उघड्या हाताने धरू नका. चावल्यास जखम साबणाने भरपूर धुऊन लगेच दवाखाना गाठा.
४) वाघळांनी उष्टी केलेली फळे मुलांना देऊ नका.

सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांतही कपारी पुष्कळ आहेत. तिथली वाघळे रात्री आपल्याच शिवारावर उडतात. त्यांना सुखाने राहू द्या.