कापडी टप की पोलादी?

मोटारीचा टप कापडी असे, हे सांगितले तर आजची मुले हसतात. उघड्या गाडीचा नव्हे हं, चांगल्या बंद काचांच्या गाडीचा! पण १९३५ पूर्वीच्या बहुतेक बंद मोटारींच्या टपात मधोमध मोठी चौकट मोकळी सोडलेली असे. तीवर लाकडी पट्ट्या, त्यांवर तारेची जाळी, मग कापसाची गादी आणि सर्वांवर पाणी न शिरणारे कापड. कारण साधे होते. एवढा रुंद पत्रा एका दाबात घडविणे तेव्हा कारखान्यांना जमत नव्हते. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना अखंड पोलादी टप दिला, फोर्डने १९३७ च्या. गंमत अशी, की त्या जाळीचा रेडिओची एरियल म्हणून उपयोग होई. पोलाद आले आणि बिचाऱ्या एरियलला दुसरे घर शोधावे लागले.

आमच्याकडे १९३० ची फोर्ड ‘मॉडेल ए’ आहे. पुण्याच्या पावसाने तिच्या टपाचे कापड तडकले, पाणी लाकडात मुरले. मिस्त्री म्हणाले, “साहेब, पत्रा वेल्ड करून टाकू. जन्माची कटकट जाईल!” काका म्हणाले, “मग ती १९३० ची कशी राहील रे?” दोघांचेही खरे होते. कापड ठेवावे तर लाकूड जाते. पत्रा जोडावा तर गाडीचे मूळ रूप जाते.

शिवाय पातळ पत्र्याला सलग वेल्डिंग केले, की तो उष्णतेने वेडावाकडा होतो आणि खालचे लाकूडही करपते. अगदी सपाट ठेवला, तर गाडी धावताना ढोलासारखा घुमतो.

अखेर तोड निघाली. कुजलेल्या पट्ट्या सागवानी घातल्या. पत्र्याला किंचित बाक दिला, दोन्ही बाजूंनी गंजरोधक रंग लावला, खाली जाड नमदा घातला. वेल्डिंगला रजा देऊन पत्रा स्क्रूंनी बसविला, कडा लांबीने बुजविल्या आणि वर काळे कापड ताणले. उद्या नातवंडांना मूळचा टप हवासा वाटला, तर स्क्रू काढले की झाले! जुनी जाळीही माळ्यावर जपून ठेवली आहे. काकांनी टपावरून हात फिरविला आणि एवढेच म्हणाले, “चालेल.”

वाचकहो, आपल्या दारी अशी एखादी म्हातारी असेल, तर पावसाळ्यापूर्वी तिच्या टपाचे लाकूड बोटाने दाबून पाहा. बोट रुतले, तर कापड की पत्रा हा वाद मागाहून घाला. आधी लाकूड वाचवा.