तारापूर: पहिली अणुवीज आणि शेजारची गावं

भारतात अणूपासून पहिल्यांदा वीज तयार झाली ती पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला. तिथे जायचं तर मात्र उतरावं लागतं बोईसरला. मुंबईच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवरचं हे पश्चिम रेल्वेचं स्थानक. बाहेर पडलं की एमआयडीसीकडे निघालेल्या रिक्षा, पाळीवर जाणारे कामगार आणि रसायनांचा उग्र वास. गर्दी मागे टाकून समुद्राकडे जाणारा रस्ता धरला की दहाएक किलोमीटरवर प्रकल्पाचं कुंपण येतं. इथे त्याला पूर्ण नावाने कोणी ओळखत नाही. ‘टॅप्स’ (तारापूर अ‍ॅटॉमिक पॉवर स्टेशन) म्हटलं की पुरतं. कोणाचा भाऊ टॅप्समध्ये परमनंट आहे, कोणी शटडाऊनच्या दिवसांत ठेकेदाराकडे कामाला जातो, कोणाची जमीन टॅप्समध्ये गेली. पंचक्रोशीतल्या घराघरांत या तीनपैकी एक वाक्य ऐकायला मिळतं.

मूळ तारापूर गाव प्रकल्पाच्या उत्तरेला, चिंचणीच्या खाडीकाठी. इथला किल्ला चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९ च्या जानेवारीत, मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला. मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर त्याच लढाईत पडले. नंतरची दोन शतकं मासेमारी, भातशेती, वाडी आणि दागिने घडवायच्या ठशांचं बारीक काम यांवर ही गावं जगत आली. ठशांच्या कामाला इथे डायमेकिंग म्हणतात आणि ते आजही घराच्या ओटीवर बसून चालतं.

अणुवीज केंद्रासाठी हाच किनारा का निवडला, याला सरळ कारणं होती. देशातला कोळसा पूर्वेला आणि मध्य भारतात, तर विजेची भूक मुंबईला आणि गुजरातच्या गिरण्या-कारखान्यांना. कोळशाने भरलेल्या वाघिणी शेकडो किलोमीटर ओढत आणायच्या, तर विजेचा दर वाढणार. तारापूर दोन्हींना जवळ, आणि यंत्रं थंड ठेवायला अरबी समुद्राचं पाणी दारात. डॉ. होमी भाभांचा दीर्घ पल्ल्याचा आराखडा नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर आधारलेला होता. तरीही पहिलं केंद्र त्यांनी समृद्ध युरेनियमवर चालणारं, अमेरिकी बनावटीचं घेतलं. भारतासारख्या देशातही अणुवीज परवडते, हे लवकर सिद्ध करणं त्यांना गरजेचं वाटत होतं. १९६३ च्या ऑगस्टमध्ये भारत-अमेरिका करार झाला. पुढच्या वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळालं आणि बांधकाम बेक्टेलने हाती घेतलं. अमेरिकेने ८ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, तेही पाऊण टक्का व्याजाने. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात भाभा गेले. तारापूरची भट्टी पेटलेली त्यांना पाहता आली नाही. १ फेब्रुवारी १९६९ रोजी पहिल्या युनिटमध्ये अणुविखंडनाची साखळी सुरू झाली आणि २८ ऑक्टोबरपासून दोन्ही युनिटांनी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. प्रत्येकाची क्षमता तेव्हा २१० मेगावॉट होती.

या भट्ट्या ‘उकळत्या पाण्याच्या’ जातीच्या. जाड पोलादी पात्रात इंधनाचे २८४ जुडगे उभे असतात आणि त्यांच्यामधून पाणी खेळत असतं. विखंडनाच्या उष्णतेने ते पात्रातच उकळतं आणि वाफ थेट टर्बाइनकडे जाते. ताबा ठेवणाऱ्या ६९ दांड्या इथे वरून खाली पडत नाहीत, तळातून वर सरकतात. भट्टीतलीच वाफ टर्बाइनपर्यंत येत असल्याने यंत्र चालू असताना टर्बाइनच्या भागातही सहज वावरता येत नाही. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर किरणोत्साराची मात्रा नोंदवणारा बिल्ला असतो. कामगार त्या मात्रेला ‘डोस’ म्हणतात आणि डोसचा हिशेब भरला की माणसाला त्या कामावरून बाजूला काढतात.

टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करायला समुद्र लागतो. कंडेन्सरमधल्या हजारो नळ्यांतून समुद्राचं पाणी वाहतं, नळ्यांच्या बाहेर वाफ थंडावते आणि दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली दोन तृतीयांश समुद्रात जाते. पुढे येणारी मच्छीमारांची तक्रार समजून घ्यायची तर हा आकडा लक्षात ठेवला पाहिजे.

तारापूरची खरी परीक्षा १९७४ नंतर झाली. त्या वर्षी १८ मे रोजी पोखरणची अणुचाचणी झाली आणि अमेरिकेत तारापूरच्या इंधनाचा राजकीय प्रश्न झाला. करार तीस वर्षं इंधन देण्याचा होता. पण अमेरिकी काँग्रेसने १९७८ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा केला आणि तो जुन्या करारालाही लावला. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी इंधन पाठवायला मंजुरी दिली, तेव्हा सिनेटमध्ये ती ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांच्या फरकाने टिकली. तारापूरच्या किनाऱ्यावरच्या भट्टीचं भवितव्य वॉशिंग्टनच्या मतदानावर लटकलं होतं. १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या अमेरिका भेटीत तोडगा निघाला आणि फ्रान्सने इंधन द्यायचं ठरलं. १९९३ मध्ये मूळ कराराची मुदत संपली. पुढे १९९५ मध्ये चीनकडून आणि २००१ व २००६ मध्ये रशियाकडून युरेनियम आलं.

या काळात आपले अभियंते परक्यांच्या भरवशावर बसून राहिले नाहीत. वापरलेल्या इंधनातलं प्लुटोनियम युरेनियममध्ये मिसळून केलेलं ‘मॉक्स’ इंधन भारतात तयार झालं आणि नव्वदच्या दशकात ते तारापूरच्या भट्टीत वापरून पाहिलं गेलं. सुटे भाग मिळेनात, तर ते इथेच घडवले. दुय्यम वाफ तयार करणाऱ्या यंत्रांच्या नळ्या गळू लागल्या, तेव्हा हट्टाने पूर्ण क्षमता ओढत न बसता ऐंशीच्या दशकात दोन्ही युनिटं १६० मेगावॉटवर आणली. हा निर्णय कमीपणाचा नव्हता, शहाणपणाचा होता. ज्यांनी तो घेतला त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. २००५-०६ मध्ये दोन्ही युनिटं बंद ठेवून मोठी डागडुजी झाली. आणीबाणीत चालणारे जास्त ताकदीचे डिझेल जनरेटर बसवले आणि दोन भट्ट्यांत सामाईक असलेल्या यंत्रणा शक्य तिथे वेगळ्या केल्या. जगातल्या चालू व्यापारी अणुवीज केंद्रांत वयाने सर्वांत थोरल्यांमध्ये यांची गणना झाली. २०२० पासून भट्टीतलं पाणी फिरवत ठेवणारे पाईप बदलण्यासारख्या मोठ्या कामांसाठी ही दोन्ही युनिटं बंद ठेवावी लागली.

शेजारी उभी राहिलेली तीन आणि चार क्रमांकाची युनिटं आपल्या माणसांनी आखली आणि बांधली. प्रत्येकी ५४० मेगावॉट, नैसर्गिक युरेनियम, जड पाणी. इथे एकाच मोठ्या पात्राऐवजी ३९२ आडव्या नळ्या आहेत. भट्टी न थांबवता एका बाजूने नवं इंधन सारायचं आणि दुसऱ्या बाजूने जुनं काढायचं. भट्टी बंद करायच्या दोन वेगवेगळ्या यंत्रणा आहेत: एकीत दांड्या वरून पडतात, दुसरीत न्यूट्रॉन शोषून घेणारं द्रावण आत सोडलं जातं. २००० साली बांधकाम सुरू झालं. चौथं युनिट तिसऱ्याच्या आधी, ६ मार्च २००५ रोजी, सुरू झालं आणि तिसरं २१ मे २००६ रोजी. त्या वेळी अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी डॉ. अनिल काकोडकर होते. चारही युनिटं धरून तारापूरची क्षमता १४०० मेगावॉट झाली आणि बरीच वर्षं हे देशातलं सर्वांत मोठं अणुवीज केंद्र होतं.

या यशाचा दुसरा भाग कुंपणाबाहेर आहे. तीन आणि चार क्रमांकांच्या युनिटांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठवली गेली. या भट्ट्यांभोवती १.६ किलोमीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा होता, त्यात वस्ती चालणार नव्हती. २००४ च्या सुमारास लोकांना नव्या वसाहतींत हलवलं. ज्यांची होडी घरासमोरच्या वाळूवर उभी असायची, त्यांना समुद्रापासून आत राहायला मिळालं. मच्छीमाराला घर आणि किनारा वेगळे करून चालत नाहीत. होडीवर लक्ष ठेवायचं, जाळी सुकवायची, बोंबील वाळत घालायचे, भरती-ओहोटीची वेळ साधायची, हे सगळं दारात समुद्र असेल तरच जमतं. घरांचा दर्जा, नोकऱ्या, शेतजमिनीचा मोबदला या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि वर्षानुवर्षं चालल्या. चौथं युनिट ठरल्या मुदतीच्या आधी उभं करणाऱ्या देशाला दोन गावांचं पुनर्वसन मुदतीत आणि नीट करता आलं नाही, हे मला तारापूरच्या कहाणीतलं सर्वांत मोठं अपयश वाटतं. पहिल्या कामाला लावलेली शिस्त दुसऱ्याला लावली असती, तर हा प्रश्न उरलाच नसता.

घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूर या गावांतले मच्छीमार आजही किनाऱ्यालगत मासळी कमी झाल्याचं सांगतात. त्याचं खापर ते कधी टॅप्सच्या गरम पाण्यावर फोडतात, कधी एमआयडीसीच्या सांडपाण्यावर. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूरचा औद्योगिक पट्टा देशात सर्वाधिक प्रदूषित ठरला आणि त्याचं कारण रासायनिक कारखाने. अणुवीज केंद्राच्या बाबतीत मोजमापाची व्यवस्था पहिल्यापासून आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा आसपासच्या गावांतून मासे, दूध, भाजी, पाणी, माती यांचे नमुने घेते आणि त्यांतला किरणोत्सार तपासते. प्रकल्पामुळे सामान्य माणसाला वर्षाला एक मिलीसीव्हर्टहून जास्त मात्रा मिळता कामा नये, ही मर्यादा आहे. ही नोंद प्रामाणिकपणे ठेवली जाते यावर माझा विश्वास आहे. पण ती नोंद घिवलीच्या मासळी विकणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही. तिच्या टोपलीतल्या मासळीचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि निष्कर्ष इंग्रजी अहवालात जातो.

आणखी एक गोष्ट काळजीची आहे. आणीबाणीच्या नियोजनासाठी अणुवीज केंद्राभोवती सोळा किलोमीटरचं क्षेत्र धरतात. तारापूरच्या त्या वर्तुळात आज अख्खं बोईसर शहर आणि एमआयडीसी येते. साठच्या दशकात जागा निवडली तेव्हा इथे गावं आणि वाड्या होत्या. एमआयडीसी नंतर आली, तिच्यामागून लाखभर माणसं आली. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले आणि उकळत्या पाण्याच्या जुन्या भट्ट्या वितळल्या. त्यानंतर तारापूरच्या पहिल्या दोन युनिटांचीही पुन्हा तपासणी झाली, कारण घराणं तेच. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी परिसराला लहानमोठे भूकंपाचे धक्के बसू लागले, त्याने लोकांची चिंता वाढली. भट्टीची सुरक्षा अभियंत्यांनी अनेकदा पारखली आहे. पण वेळ आलीच तर गर्दीच्या बोईसरमधून माणसं कोणत्या रस्त्याने बाहेर काढायची, हा प्रश्न अभियंत्यांचा नाही, जिल्हा प्रशासनाचा आहे. त्याचं उत्तर अरुंद रस्ते आणि रेल्वे फाटकांच्या या शहरात अजून दिसत नाही.

तारापूरचा अनुभव तारापूरपुरता राहिला नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये जैतापूर अणुवीज प्रकल्पाच्या विरोधकांनी यात्रा काढली ती तारापूरपासूनच, आणि कोकणातल्या सभांत पोफरण-अक्करपट्टीचं उदाहरण दिलं गेलं. आता याच किनाऱ्यावर, तारापूरपासून थोड्या अंतरावर होणाऱ्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं आहे. मच्छीमारांना पुन्हा तीच आश्वासनं दिली जात आहेत: नोकऱ्या, घरं, भरपाई.

अणुवीज आपल्याला हवी आहे, असं माझं मत आहे. कोळसा जाळून मिळणाऱ्या विजेपेक्षा ती स्वच्छ आहे आणि तारापूरने ती पन्नासहून अधिक वर्षं दिली आहे. म्हणूनच सरकारकडे आणि अणुवीज महामंडळाकडे दोन मागण्या कराव्याशा वाटतात. किरणोत्साराचे आणि समुद्राच्या तापमानाचे आकडे दर महिन्याला मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. आणि वाढवण असो वा जैतापूर, नव्या जागेवर कुदळ मारण्याआधी पोफरण आणि अक्करपट्टीच्या प्रत्येक कुटुंबाचा प्रलंबित दावा निकाली काढावा.